कार्ड एकाच विमा कंपनीचं, मग मित्राच्या मुलीला थेरपी मिळते आणि आपल्या मुलाला का नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला नको. तुम्ही न्यू जर्सीत आहात, एच-१बी व्हिसावर. मुलगा चार वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेलं, डॉक्टरांनी आठवड्याला २० तास एबीए (अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस, म्हणजे वर्तनावर काम करणारी) थेरपी सांगितली आहे. इन्शुरन्सने ९ मार्चच्या पत्राने नकार दिला, कारण ‘ही सेवा प्लॅनमधून वगळलेली आहे’. तुमच्याच कॉम्प्लेक्समधल्या मित्राच्या मुलीला हीच थेरपी मिळते आणि त्याच्या कार्डावरही त्याच विमा कंपनीचा लोगो आहे. न्यू जर्सीत एबीए कव्हर करायलाच हवी असा कायदा आहे हे वाचून तुम्ही राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार केलीत. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की तुमचा प्लॅन आमच्या अखत्यारीत येत नाही. एचआरला विचारलंत तर ‘आपला प्लॅन सेल्फ-फंडेड आहे’ एवढंच. म्हणजे नक्की काय, आणि आता दाद कुणाकडे मागायची, असं तुम्ही विचारताय.

मी बावीस वर्षं याच कामात आहे. पहिली सहा क्लेम तपासण्यात गेली, पुढची कंपन्यांना हेल्थ प्लॅन बसवून देण्यात. वकील नाही, त्यामुळे कोर्टाची पायरी चढायची वेळ आली तर माझ्या भरवशावर राहू नका. पण तिथवर बहुतेक वेळा जावं लागत नाही.

लग्नाचं जेवण दोन तऱ्हांनी होतं. एक म्हणजे केटररला ताटामागे भाव ठरवून कंत्राट द्यायचं. पाहुणे कमी जेवले तर फायदा त्याचा, पंगतीवर पंगती उठल्या तर खड्डाही त्याच्याच खिशाला. दुसरी जुनी तऱ्हा म्हणजे शिधा घरचा आणि आचारी मजुरीवर. आचारी रांधतो, वाढतो, भांडी मोजून परत देतो, पण तांदूळ-तूप यजमानाचं आणि बेतही यजमानानेच ठरवलेला.

तुमच्या मित्राचा प्लॅन पहिल्या तऱ्हेचा असणार. त्याची कंपनी दरमहा प्रीमियम भरते आणि जोखीम विमा कंपनी घेते. तुमचा दुसऱ्या तऱ्हेचा आहे, यालाच सेल्फ-फंडेड म्हणतात. तुमच्या पगारातून दर पंधरा दिवसांनी कापले जाणारे पैसे आणि तुमच्या कंपनीचे पैसे मिळून डॉक्टरांची बिलं भागतात. कार्डावर लोगो असलेली विमा कंपनी इथे आचारी आहे. तिचं डॉक्टरांचं नेटवर्क, तिने ठरवून घेतलेले दर, तिची क्लेम तपासणारी माणसं, तिचं कॉल सेंटर, सगळं तुमच्या कंपनीने दर माणशी दरमहा ठरावीक फी देऊन भाड्याने घेतलं आहे. फोन केला की ‘थँक यू फॉर कॉलिंग’ म्हणून तिचंच नाव ऐकू येतं, त्यामुळे नकार तिनेच दिला असं वाटणं साहजिक आहे. बऱ्याचदा कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात खरी गोष्ट छापलेली असते: ‘इन्शुअर्ड बाय’ असेल तर केटरर, ‘ॲडमिनिस्टर्ड बाय’ असेल तर आचारी. टेक्सासमध्ये तर राज्याच्या नियमाखालच्या कार्डांवर ‘टीडीआय’ किंवा ‘डीओआय’ (राज्याच्या विमा खात्याची आद्याक्षरं) अशी अक्षरं असतात. ती नसतील तर बहुधा राज्याचा त्या प्लॅनशी संबंध नसतो. आणि तुमचा प्लॅन जगावेगळा आहे असं समजू नका. अमेरिकेत नोकरीतून आरोग्य विमा मिळणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक अशाच प्लॅनमध्ये आहेत. बऱ्याच जणांना ते पहिला मोठा नकार हातात पडेपर्यंत माहीतच नसतं.

पैसा प्रत्यक्ष कसा फिरतो ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझी एक क्लायंट कंपनी आहे, साधारण ४०० कर्मचाऱ्यांची. दर सोमवारी सकाळी त्यांच्या फायनान्सच्या बाईंना मेल येतो: मागच्या आठवड्यात मंजूर झालेले क्लेम अमुक डॉलर, बुधवारपर्यंत खात्यात ठेवा. एका आठवड्यात ४१,००० असतात, पुढच्यात ३८,०००, दिवाळीच्या सुमाराला एकदा अवघे १९,०००. त्या बाई फोनवर म्हणाल्या होत्या, “या वर्षी लोक आजारीच पडत नाहीयेत वाटतं.” पुढच्याच महिन्यात एका सोमवारी आकडा आला ६,१२,०००. सव्वीसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ, तीन महिने एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. बाळ सुखरूप घरी गेलं, पण बुधवारपर्यंत सहा लाख कुठून उभे करायचे म्हणून त्यांची झोप उडाली.

अशा धक्क्यासाठी कंपन्या स्टॉप-लॉस नावाची पॉलिसी घेतात. या कंपनीची मर्यादा होती माणशी वर्षाला दीड लाख डॉलर. त्यावरचे पैसे स्टॉप-लॉसवाला भरून देतो. शिवाय सगळ्यांचे मिळून क्लेम अपेक्षेच्या १२५ टक्क्यांवर गेले तर त्यावरचेही, अशी एकूण मर्यादा बऱ्याच पॉलिसींत असते. यात एक बारकावा आहे. स्टॉप-लॉस विमा तुमचा नसतो, कंपनीचा असतो. तो डॉक्टरला पैसे देत नाही, तुमच्या आजाराबद्दल त्याचं तुमच्याशी काही देणंघेणं नाही. कंपनीने प्लॅनच्या लिखित कागदानुसार खर्च केला असेल तरच तो कंपनीला भरपाई देतो. आणि वर्षअखेरीस तो नव्याने भाव ठरवतो. एखाद्याला हिमोफिलियासारखा खर्चिक आजार असेल तर ‘या एका माणसासाठी मर्यादा दीड लाखाऐवजी पाच लाख’ असं म्हणू शकतो. आमच्याकडे त्याला लेझर म्हणतात.

आता राज्याचा कायदा तुम्हाला का लागू नाही, ते. याची मुळं पेन्शनमध्ये आहेत, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. १९६३ च्या डिसेंबरात स्टुडबेकर या मोटार कंपनीने इंडियानातल्या साउथ बेंडचा कारखाना बंद केला आणि हजारो कामगारांची पेन्शन बुडाली. त्यावरून उठलेला गदारोळ अकरा वर्षांनी, १९७४ साली, एरिसा नावाच्या फेडरल कायद्यात उतरला. कायदा मुख्यतः पेन्शनसाठी होता, पण नोकरीतून मिळणारे आरोग्य प्लॅनही त्याच छत्रीखाली आले. त्यात एकामागोमाग तीन गोष्टी लिहिल्या आहेत. कर्मचाऱ्यांच्या अशा प्लॅनना राज्यांचे कायदे लागू होणार नाहीत. मात्र विमा व्यवसायाचं नियमन राज्यांकडेच राहील. मात्र कंपनीच्या प्लॅनला कुणी ‘विमा कंपनी’ समजायचं नाही. या दोन ‘मात्र’मध्ये तुमचं सगळं प्रकरण अडकलं आहे.

पंगतीच्या भाषेत सांगायचं तर, पालिकेने नियम केला की प्रत्येक केटररने ताटात ताक वाढलंच पाहिजे. केटररला तो पाळावाच लागेल. पण घरी शिधा आणून रांधणाऱ्या यजमानाला पालिका केटरर ठरवू शकत नाही. १९८५ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मॅसॅच्युसेट्सच्या एका खटल्यात पहिला भाग पक्का केला, की राज्य विमा कंपन्यांना अमुक आजार कव्हर करा असं सांगू शकतं. १९९० साली एफएमसी कंपनीच्या खटल्यात दुसरा, की सेल्फ-फंडेड प्लॅनवर राज्याचे विमा कायदे चालत नाहीत. न्यू जर्सीचा ऑटिझमचा कायदा २००९ चा. तो तुमच्या मित्राच्या प्लॅनला लागू आहे, तुमच्या नाही. राज्याच्या खात्याने तुम्हाला टोलवलं नाही, त्यांचे हात खरंच बांधलेले आहेत.

म्हणजे तुमच्या कंपनीला रान मोकळं आहे असं नाही. फेडरल कायदे तिला लागू आहेतच: मुलांना २६ वर्षांपर्यंत प्लॅनवर ठेवणं, प्रतिबंधक तपासण्या फुकट, तुमच्या खिशातून जाणाऱ्या खर्चाला वर्षाची कमाल मर्यादा. आणि तुमच्यासाठी सगळ्यांत कामाचा, २००८ चा मानसिक आरोग्य समानता कायदा. त्याकडे येतोच.

त्याआधी एक गोष्ट, जी मी प्रत्येकाला सांगतो. नकार तुमच्या कंपनीने दिलाय, पण कंपनीत कुणाला आपण नकार दिलाय हे माहीत असेलच असं नाही.

सेल्फ-फंडेड प्लॅन सुरू होताना किंवा दुसऱ्या विमा कंपनीकडे हलवताना एक लांबलचक एक्सेल शीट भरावी लागते. शेकडो ओळी: कायरोप्रॅक्टर वर्षाला किती वेळा, श्रवणयंत्र हो की नाही, वंध्यत्वाचे उपचार हो की नाही, पोट कमी करण्याची शस्त्रक्रिया हो की नाही. मी अशा एका बैठकीला होतो. संध्याकाळचे साडेपाच, पिझ्झा संपलेला, एचआरचे दोघं आणि कंपनीला प्लॅन मिळवून देणाऱ्या ब्रोकरकडे काम करणारा एक तरुण मुलगा. एबीएच्या ओळीवर आलो तेव्हा त्याने आधीची शीट उघडली, तिथे ‘वगळा’ लिहिलं होतं, त्याने तेच इकडे चिकटवलं. मी थांबवून विचारलं, हे कुणी ठरवलं? एचआरच्या मॅनेजर म्हणाल्या, “माहीत नाही, मी यायच्या आधीपासून आहे.” मागे जाऊन बघितलं तर ती ओळ २०११ च्या शीटमधून तशीच उतरत आली होती. तेव्हा बहुधा कुणीतरी महाग वाटलं म्हणून काढली असेल. त्या संध्याकाळी ती आम्ही बदलली, पाच मिनिटं लागली. तुमच्याकडेही असंच असेल असं मी म्हणत नाही. काही कंपन्या विचारपूर्वक, हिशेब करून वगळतात. पण कोणता प्रकार आहे हे आधी शोधणं फायद्याचं आहे, कारण आळसाने झालेला नकार उलटवणं खूप सोपं असतं.

मग एचआरने तुमच्यापुरती परवानगी दिली तर? इथे लोक चुकतात. एचआरच्या बाई कितीही भल्या असल्या तरी ‘तुमच्या मुलासाठी करून टाकू’ असं सहज म्हणू शकत नाहीत. प्लॅनचा कागद एकदा लिहिला की त्याप्रमाणे वागणं एरिसाखाली बंधनकारक आहे. कागदाबाहेर पैसे दिले तर स्टॉप-लॉसवाला भरपाई नाकारेल. आणि एकाला पानात जास्त वाढलं की उरलेली पंगत बघत असतेच. पण यजमान बेतच बदलू शकतो. त्याला प्लॅनची दुरुस्ती म्हणतात, ती वर्षाच्या मध्येही करता येते, आणि त्यासाठी कुठल्याही सरकारी खात्याची परवानगी लागत नाही. म्हणून ‘अपवाद करा’ असं मागू नका. ‘प्लॅनमधला हा वगळलेला भाग काढा’ असं मागा.

आता क्रमाने काय करायचं. पहिल्यांदा कागद हातात घ्या. प्लॅन ॲडमिनिस्ट्रेटरला, म्हणजे बहुधा तुमच्या कंपनीलाच, लेखी विनंती करा: समरी प्लॅन डिस्क्रिप्शन (प्लॅनचा सोप्या भाषेतला सारांश) आणि प्लॅनचा मूळ दस्तऐवज द्या. तीस दिवसांत दिला नाही तर कोर्ट दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं. हे धमकी म्हणून लिहायची गरज नाही, एचआरला ते माहीत असतं. तुमच्या क्लेमची संपूर्ण फाइलही मागा, ती फुकट मिळते. सेल्फ-फंडेड आहे यावर विश्वास नसेल तर कंपनीने लेबर डिपार्टमेंटकडे भरलेला फॉर्म ५५०० ऑनलाइन कुणालाही बघता येतो. शंभर किंवा त्याहून जास्त लोकांच्या प्लॅनना तो भरावा लागतो, आणि पैसा विम्यातून येतो की कंपनीच्या सर्वसाधारण मालमत्तेतून, याच्या चौकटी त्यात असतात. मी क्लायंटला भेटायला जाण्याआधी पार्किंगमध्ये बसून तो वाचतो.

दुसरं, अपील. याचा मसुदा करताना डॉक्टरांचं ‘थेरपी गरजेची आहे’ असं पत्र जोडाल, ते जोडाच. पण नकार वैद्यकीय गरजेवरून आलेला नाही, वगळल्यावरून आला आहे. त्यामुळे नुसतं गरज सिद्ध करून काम होणार नाही. इथे २००८ चा समानता कायदा काढायचा. ५० पेक्षा जास्त कर्मचाऱ्यांच्या सेल्फ-फंडेड प्लॅनला तो लागू आहे. मतितार्थ असा, की मानसिक आरोग्याच्या उपचारांवर शारीरिक आजारांपेक्षा कडक बंधनं घालायची नाहीत. तुमचा प्लॅन ऑटिझमचं निदान करायला पैसे देतो, मग त्याच्या मुख्य उपचाराला देत नाही. असं तो मधुमेहाच्या बाबतीत करतो का? तपासणीचे पैसे देऊ आणि इन्शुलिनचे नाही, असं? २०२१ साली कॅलिफोर्नियातल्या एका फेडरल कोर्टाने सेल्फ-फंडेड प्लॅनमधला एबीए वगळण्याचा नियम याच कायद्याविरुद्ध ठरवला. न्यू जर्सीतल्या कोर्टावर तो निकाल बंधनकारक नाही, पण तुमच्या कंपनीचा वकील तो वाचून दोनदा विचार करेल. शिवाय २०२१ पासून प्लॅनना अशा बंधनांचं लेखी तुलनात्मक विश्लेषण तयार ठेवावं लागतं. तेही मागा. माझ्या अनुभवात ही एक ओळ पत्रात असली की पत्र एचआरच्या टेबलावरून उठून कायदेशीर विभागात जातं, कारण कित्येक कंपन्यांकडे ते विश्लेषण तयारच नसतं.

थेरपी आधीच सुरू करून बिल पाठवलं असेल तर अपिलाचा निर्णय साधारण ६० दिवसांत, सुरू करण्याआधी मंजुरी मागितली असेल तर ३० दिवसांत यायला हवा. तोही नकार आला तर बाहेरच्या स्वतंत्र तपासणीची विनंती चार महिन्यांच्या आत करता येते. वगळल्याचं प्रकरण तिथे घेतलं जाईल की नाही हे नकाराच्या पत्रात कारण काय शब्दांत लिहिलंय यावर ठरतं, म्हणून ते पत्र जपून ठेवा.

तिसरं, राज्याच्या खात्याऐवजी तुमचं दार म्हणजे फेडरल लेबर डिपार्टमेंटची एम्प्लॉयी बेनिफिट्स सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन. त्यांचे सल्लागार फुकट मदत करतात आणि बऱ्याचदा औपचारिक कारवाई न करता थेट कंपनीला फोन लावून विचारतात. ‘लेबर डिपार्टमेंटमधून बोलतोय’ या शब्दांनी काय होतं ते मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलं आहे. एवढं लक्षात ठेवा, की सरकारी नोकरी किंवा चर्चच्या प्लॅनना एरिसा लागू नसतो, तिथले रस्ते वेगळे.

आणि चौथं, बेत बदलायचा प्रयत्न याच्या जोडीनेच सुरू ठेवा. प्लॅनचं वर्ष जानेवारीत सुरू होत असेल तर पुढच्या वर्षाचे निर्णय जुलै ते सप्टेंबरमध्ये होतात. नोव्हेंबरात ओपन एनरोलमेंटच्या (कर्मचाऱ्यांनी प्लॅन निवडायच्या) वेळी मागणी घेऊन गेलात तर ‘पुढच्या वर्षी बघू’ हेच ऐकाल. तुमच्या कंपनीत ऑटिझम असलेली मुलं आणखी असणार. दोन-तीन पालकांनी मिळून लिहिलं तर ती एकाची अडचण राहत नाही, फायद्यांच्या पॅकेजचा मुद्दा होतो. एचआरला ब्रोकरकडून खर्चाचा अंदाज मागवायला सांगा. ४०० माणसांच्या कंपनीत दोन मुलांची थेरपी हा खर्च डोळ्यांत भरतो, ४,००० च्या कंपनीत फारसा नाही. तुमची कंपनी किती मोठी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बरंचसं त्यावर ठरेल.

तुम्ही शेवटी दबकत विचारलंय की हे सगळं केलं तर नोकरीवर गदा येईल का, व्हिसा जाईल का. प्रामाणिक उत्तर देतो. प्लॅनमधला हक्क मागितला म्हणून कामावरून काढणं एरिसाच्या ५१० व्या कलमाने बेकायदेशीर आहे. आरोग्याची माहिती नोकरीच्या निर्णयांसाठी वापरायलाही बंदी आहे. मालकाकडे जाणाऱ्या मोठ्या क्लेमच्या अहवालात नाव नसतं. पण ‘आश्रित, मुलगा, वय ४, ऑटिझम’ एवढं लिहिलेलं असतं, आणि साठ माणसांच्या कंपनीत तेवढ्यावरून कुणीही ओळखतं. तरीही, बावीस वर्षांत प्लॅनविषयी लेखी प्रश्न विचारल्यामुळे कुणाची नोकरी गेल्याचं मी पाहिलेलं नाही. पत्राची भाषा सौम्य ठेवा, प्रत स्वतःच्या खाजगी ईमेलवर ठेवा, ऑफिसच्या नाही.

यात महिने जातील आणि मुलाचं वय थांबणार नाही, म्हणून बाजूचे रस्तेही बघून ठेवा. तो तीन वर्षांच्या वर आहे, म्हणजे तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टला त्याचं मूल्यमापन करून पात्र ठरल्यास फुकट विशेष शिक्षण द्यावं लागतं. लेखी अर्ज आजच करा. पत्नीच्या नोकरीतला प्लॅन विम्याचा असेल तर मुलाला तिकडे हलवता येईल का ते पाहा. काहीच जमलं नाही तर गेट कव्हर्ड न्यू जर्सी या राज्याच्या विमा बाजारपेठेवर, नोंदणी खुली असताना, फक्त मुलाच्या नावे वैयक्तिक पॉलिसी घेता येते. ती राज्याच्या नियमाखालची असल्याने २००९ चा कायदा तिला लागू होतो. तुमच्या कंपनीचा प्लॅन परवडणारा ठरत असेल तर त्यावर सवलत मिळणार नाही, पूर्ण प्रीमियम भरावा लागेल. पण आठवड्याला २० तासांच्या थेरपीचं बिल स्वतः भरण्यापेक्षा तो बहुतेक वेळा कितीतरी कमी पडतो. घेण्याआधी तुमचं एबीए सेंटर त्या पॉलिसीच्या नेटवर्कमध्ये आहे ना, हे फोन करून विचारा. वेबसाइटवरच्या यादीवर जाऊ नका.

अपिलाची मुदत नकाराचं पत्र मिळाल्यापासून १८० दिवसांची असते. पत्र ९ मार्चलाच हातात पडलं असं धरलं तर ती ५ सप्टेंबरला संपते. राज्याकडे केलेल्या तक्रारीमुळे हे घड्याळ थांबलेलं नाही. कागद आले नाहीत तरी अपील त्याआधी दाखल करा, पुरवणी मागाहून जोडता येते.